आधी घरच्यांची विचारपूस

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



विषयाचं नाव वाचून काहींच्या मनात आलं असेल, गणपतीच्या मांडवात हे काय? अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत कारखानदारांना जाऊन प्रश्न विचारतात, त्याचं आपल्याला इंदूरला काय? कीर्तन ठेवायचं, नाट्यसंगीत ठेवायचं, ते सोडून ही कसली पाहणी? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात इंदूरपासूनच करतो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण सगळे झांक्या बघायला जातो. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार ही नावं त्या रात्री दिव्यांनी झगमगतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, केवढ्या गिरण्या चालू आहेत या शहरात! प्रत्यक्षात त्या कधीच बंद झाल्या. भोंगे थांबले, चिमण्या थंड झाल्या, पण कामगारांनी गणपती सोडला नाही. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये देण्याचा दिवस उजाडला २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधे तीस वर्षं गेली. पैसे मिळायच्या आत किती जण निघून गेले, हे तुमच्यापैकी ज्यांची घरं गिरणीच्या परिसरात होती त्यांना मी सांगायला नको.

आता एक प्रश्न विचारतो. गिरणी बंद पडण्याआधीची दहा-पंधरा वर्षं घ्या. त्या काळात गिरणीच्या दारात माणसं पुष्कळ येत होती. कामगार खात्याचा निरीक्षक यायचा, तो नियम पाळतात की नाही हे बघायला. कराचा अधिकारी यायचा कर घ्यायला, बँकेचा माणूस हप्त्याला, युनियनचा नेता मागण्यांना, पुढारी देणगीला. पण “काय अडतंय तुमचं? पुढच्या पाच वर्षांत काय दिसतंय? गावाकडून काही होण्यासारखं आहे का?” एवढंच विचारायला जाणं हे कुणाचं काम होतं? कुणाचंच नव्हतं. तसं पदच नव्हतं, तशी पद्धतच नव्हती.

नुसत्या विचारण्याने गिरण्या वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, बदललेलं कापड, मालकांचे आपले हिशेब, कारणं मोठी होती. पण आजारी माणूस वाचेल की नाही हा एक भाग, आणि तो आजारी आहे हे शेजाऱ्याला त्याच्या तेराव्याला कळावं हा दुसरा. अमेरिकेतल्या काही लहान गावांनी या दुसऱ्या भागावर उपाय शोधला. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. पुस्तकात आपण ‘जिल्हा’ असं भाषांतर करतो, पण आपल्या मनातला जिल्हा इथे चालत नाही. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांच्या वर होती. अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत तीस-चाळीस हजार माणसं म्हणजे बऱ्यापैकी वस्ती. आपल्या एखाद्या तहसिलीपेक्षाही कमी. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधे एक कचेरीचं गाव, एक रुग्णालय, एक-दोन शाळा, आणि पोट भरायला चार-दोन कारखाने. त्यातला एक गेला की शाळेची पटसंख्या घटते, दुकानाची उधारी वाढते, रुग्णालयाचा डॉक्टर दुसरीकडे बघू लागतो. मोठ्या शहरात एक कारखाना बंद पडला तर बातमी होते. इथे गावच हलतं.

अशा गावांनी बरीच वर्षं एकच मार्ग धरला होता, बाहेरून कारखाना आणायचा. मिसिसिपी राज्याने १९३६ साली त्याची रीतसर योजनाच केली. शेतीला उद्योगाची जोड द्यायची म्हणून गावांनी कर्जरोखे काढून इमारती बांधायच्या, करात सूट द्यायची आणि उत्तरेकडच्या कारखानदारांना बोलवायचं. बघता बघता सगळी राज्यं यात उतरली. एकाने पाच वर्षं करमाफी दिली की दुसरा दहा वर्षं देणार. आपल्याकडे गुंतवणूकदारांची संमेलनं भरतात, तेव्हा हे चित्र ओळखीचं वाटतं.

यातली गोम अशी की जो करमाफीसाठी येतो तो करमाफीसाठीच जातो. दुसरं म्हणजे, पाहुण्याच्या सरबराईत घरातल्या माणसाकडे लक्ष राहत नाही. चाळीस वर्षं गावात छापखाना चालवणाऱ्याला रस्त्यावरचा खड्डा बुजवून मिळत नाही, आणि नव्या पाहुण्यासाठी चौपदरी रस्ता होतो. तो मुकाट्याने बघत असतो.

१९७० च्या दशकात डोळे उघडायला दोन गोष्टी कारण झाल्या. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, ओहायो राज्यातल्या यंग्जटाउन या पोलादाच्या गावात एका मोठ्या कंपनीने आपला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. तिथे अजून त्या दिवसाला काळा सोमवार म्हणतात. आणि १९७९ मध्ये एमआयटीतले संशोधक डेव्हिड बर्च यांनी अमेरिकेतल्या लाखो कंपन्यांच्या नोंदी तपासून एक अहवाल लिहिला. एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कंपन्यांमुळे होणारी रोजगाराची वाढ-घट नगण्य आहे, असं त्यात दिसलं. रोजगार वाढतो तो असलेल्या कंपन्या वाढल्याने आणि नव्या निघाल्याने. घटतो तो असलेल्या आटल्याने आणि बंद पडल्याने. लहान उद्योगांना त्यांनी दिलेल्या श्रेयावर पुढे अर्थशास्त्रज्ञांनी बराच वाद घातला. पण ज्या शिकारीमागे सगळे धावत होते तिच्यात सावज फारच थोडं होतं, हे मात्र उघड झालं.

कोलोरॅडोतल्या लिटलटन गावाने पुढे याला छान नाव दिलं. १९८० च्या दशकात तिथल्या मोठ्या कंपनीने हजारोंनी माणसं कमी केली, तेव्हा गावाने ठरवलं की आता बाहेर शिकारीला जायचं नाही, घरची बाग शिंपायची. याला ते ‘आर्थिक बागायत’ म्हणू लागले. माळव्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. काळी माती आपलीच असते, आधी तिची मशागत.

पण बाग शिंपायची तर कोणत्या झाडाला पाणी कमी पडतंय हे कळायला हवं. तिथून ही पाहणीची पद्धत निघाली. तिचं तिकडचं नाव लांबलचक आहे. मराठीत ‘उद्योग टिकवणं आणि वाढवणं’ म्हणा. ओहायो राज्य विद्यापीठाने १९८० च्या दशकात ती नीट बसवली, मिनेसोटा विद्यापीठाने वाढवली, पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या शेती खात्याने ती आपल्या खेड्यांसाठी घेतली.

शेती खात्याने आणि विद्यापीठाने कारखान्यांत का लक्ष घालावं? अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतीची आणि तंत्रज्ञानाची विद्यापीठं उभी राहिली, आणि १९१४ च्या कायद्याने त्या विद्यापीठांचा माणूस प्रत्येक काउंटीत बसू लागला. याला विस्तारसेवा म्हणतात. शेतकऱ्याला बियाणं, गृहिणीला फळं टिकवण्याची रीत, मुलांना पशुपालन शिकवणारा हा माणूस. आपली पंतनगर आणि जबलपूरची कृषी विद्यापीठं याच धर्तीवर, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने उभी राहिली. तर हा काउंटीतला माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि कुणाच्या बाजूचा नसतो. म्हणून हे काम त्याच्याकडे आलं.

आता प्रत्यक्ष काय करतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मौज तिथेच आहे.

पहिलं पाऊल म्हणजे गावातल्या दहा-बारा जणांची समिती. बँकेचा व्यवस्थापक, शाळांचा अधीक्षक, व्यापारी मंडळाचा चिटणीस, काउंटीचा निवडून आलेला सदस्य, वीज कंपनीचा माणूस, एखादा निवृत्त कारखानदार आणि विस्तारसेवेचा माणूस. ही समिती यादी करते. कारखाने बहुधा सगळेच घेतात; दुकानं, गॅरेजं, दवाखाने, शेतीमालाचे व्यापारी यांच्यातून निवड करतात. फक्त मोठेच घ्यायचे, हा मोह आवरावा लागतो. पन्नास जणांना काम देणारा एक आणि पाच-पाच जणांना काम देणारे दहा, गावाला दोन्ही सारखेच.

दुसरं, स्वयंसेवक. पगारी माणसं पाठवत नाहीत. गावातलेच लोक जोडीजोडीने जातात, एक विचारतो, दुसरा लिहून घेतो. एकटा गेला तर लिहिताना मान खाली जाते आणि बोलणं तुटतं. जोडी लावतानाही बघतात की त्याच धंद्यातला स्पर्धक त्याच्याकडे जाऊ नये आणि कर्ज देणारा बँकवाला आपल्याच कर्जदाराकडे जाऊ नये. दिवसभराचं प्रशिक्षण होतं. प्रश्नावली आधी पाठवतात, म्हणजे मालकाला आकडे काढून ठेवता येतात. भेट मालकाच्या जागेत, साधारण तासाभराची. जमलं तर कारखाना फिरून बघायचा. वर्षानुवर्षं त्या भिंतीबाहेरून गाडी चालवत गेलेल्या माणसाला आत काय बनतं हे पहिल्यांदा कळतं. निम्मा फायदा तिथेच होतो.

तिसरं, गुप्तता. ही सगळ्यांत महत्त्वाची. स्वयंसेवकाने सही करून कबूल करायचं की ऐकलेलं बाहेर बोलणार नाही. अहवालात कुणाचं नाव येत नाही, एकत्रित आकडे येतात. लहान गावात हे अवघड आहे, हे तुम्हाला मला चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे सकाळी पोहे-जिलेबी खाताना कुणाच्या दुकानाचं काय चाललंय हे कळतं आणि संध्याकाळपर्यंत सराफ्यात पोचतं. म्हणूनच तिथे भर याच्यावर देतात. एकदा जरी बातमी फुटली की पुढचा मालक दार उघडेल, चहा देईल आणि म्हणेल, सगळं उत्तम चाललंय.

आता प्रश्न कसले? तीन वर्षांपूर्वी किती माणसं होती, आज किती, तीन वर्षांनी किती लागतील? कच्चा माल कुठून घेता, माल कुठे विकता? जागा स्वतःची की भाड्याची, आणि करार केव्हा संपतो? कोणत्या कामाला माणूस मिळत नाही? वाढवायचा विचार आहे का, हलवायचा, विकायचा, बंद करायचा? असेल तर का? रस्ते, पाणी, वीज, अग्निशमन, शाळा, परवाने यांबद्दल काय मत? इंटरनेट पुरतं का? आणि शेवटी अगदी घरगुती वाटणारा, पण सगळ्यांत बोलका प्रश्न: तुमच्यानंतर हे कोण बघणार?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो. धंदा बंद होण्याचं कारण आपण नेहमी तोटा असं धरतो. पण गावोगावी असं दिसतं की चांगला नफ्यात चाललेला धंदा केवळ मालक थकला आणि पुढे कुणी नाही म्हणून बंद होतो. मुलगी डॉक्टर झाली, मुलगा दूरच्या शहरात गेला, कामगारांपैकी कुणाच्या हातात भांडवल नाही. पाच वर्षं आधी कळलं तर विकत घेणारा शोधता येतो, जुन्या कारागिराला बँकेकडून कर्ज मिळवून देता येतं, कामगारांनी मिळून घेण्याची व्यवस्था करता येते. पाच आठवडे आधी कळलं तर फक्त यंत्रांचा लिलाव करता येतो. हे अमेरिकेचं मी सांगतो आहे. पण इथे बसलेल्यांपैकी किती घरांत हाच प्रश्न जेवणाच्या ताटावर येऊन पडला असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

चौथं पाऊल ‘लाल झेंडा’. भेटीत असं काही कळलं की तातडीने हालचाल हवी, तर त्या कागदाला लाल खूण. भाडेकरार सहा महिन्यांत संपतोय आणि मालक दुसऱ्या काउंटीतली जागा बघतोय. किंवा पाण्याचा दाब कमी म्हणून नवीन यंत्र बसवता येत नाही आणि नगरपालिकेला लिहिलेल्या तीन पत्रांना उत्तर नाही. असे कागद पूर्ण अहवालाची वाट बघत नाहीत. समितीतले दोन-तीन जण काही दिवसांतच त्या मालकाकडे परत जातात आणि ज्याच्या हातात काम आहे त्याला गाठतात. पुष्कळदा अडचण इतकी लहान असते की ऐकणाऱ्याला हसू येतं: कारखान्यासमोरचं वळण अरुंद असल्याने लांब ट्रक वळत नाही, एक परवाना तीन खिडक्यांवर फिरतो. पण अशाच लहान खड्यांनी चप्पल काढून टाकावी लागते.

पाचवं पाऊल म्हणजे सगळे कागद विद्यापीठात जातात, आकडे मांडले जातात, आणि मग समिती एक दिवस बसून त्यातली तीन-चारच कामं निवडते. तीन-चारच, कारण वीस निवडली की एकही होत नाही. मग गावसभा बोलावून निष्कर्ष जाहीर करायचे, प्रत्येक कामाला एक नाव लावायचं, आणि दर तीन महिन्यांनी विचारायचं, कुठवर आलं?

उत्तरं वाचतानाही अक्कल लागते. जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो, चांगली माणसं मिळत नाहीत, आजकालच्या पोरांना कामच नको. हे तसंच अहवालात लिहिलं तर ते गाऱ्हाणं झालं. शोधायचं ते असं: पगार शेजारच्या काउंटीपेक्षा कमी आहे का? दुसरी पाळी सुटते तेव्हा बस आहे का? लहान मूल सांभाळायला पाळणाघर आहे का? गावात भाड्याने घर मिळतं का? खोलात गेलं की ‘पोरांना काम नको’ याचं रूपांतर पुष्कळदा ‘आईला सकाळी सहाला पाळणाघर उघडं मिळत नाही’ यात होतं. पहिल्यावर उपाय नाही, दुसऱ्यावर आहे. म्हणून मालकांना विचारणं ही सुरुवात. कामगारांना विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

आता या पद्धतीच्या मर्यादेची गोष्ट सांगतो. पद्धत आवडली म्हणून तिची मर्यादा झाकायची नसते.

ओहायोच्या नैर्ऋत्येला क्लिंटन काउंटी आहे. २०१० च्या जनगणनेत वस्ती बेचाळीस हजार. कचेरीचं गाव विल्मिंग्टन. तिथे हवाई दलाचा जुना तळ होता. तो बंद झाल्यावर १९८० मध्ये एका कुरियर कंपनीने धावपट्टी घेतली आणि रात्रीची टपाल-वाहतूक सुरू केली. विमानं रात्री उतरायची, पार्सलं निवडली जायची, पहाटे विमानं परत उडायची. मक्याच्या शेतात हे रात्रीचं गाव वसलं. २००३ मध्ये ती कंपनी डीएचएलने घेतली आणि पुढे विल्मिंग्टनला आपलं अमेरिकेतलं मुख्य केंद्र केलं. मे २००८ मध्ये डीएचएलने जाहीर केलं की हे काम दुसऱ्या कंपनीच्या विमानांवर सोपवणार. नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की अमेरिकेतल्या अमेरिकेत पार्सल पोचवण्याचा धंदाच बंद करणार. त्या तळावरच्या सुमारे आठ हजार नोकऱ्या धोक्यात आल्या. सगळे कामगार क्लिंटनचे नव्हते, आजूबाजूच्या काउंट्यांतूनही येत. तरी बेचाळीस हजारांच्या वस्तीत आठ हजार म्हणजे काय, याचा विचार करा.

हा निर्णय विचारपुशीने टळला असता का? नाही. तो झाला जर्मनीत, बॉनमधल्या मुख्यालयात. विल्मिंग्टनच्या व्यवस्थापकाला कितीही प्रेमाने विचारलं असतं तरी त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणून या पाहणीत एक प्रश्न हवाच: तुमचे निर्णय कोण घेतं आणि कुठे? मुख्यालय बाहेर असेल तर चहा पिऊन परत न येता त्या मुख्यालयापर्यंत जावं लागतं, आणि तरीही हाती काही लागेलच असं नाही. आणि ज्या गावाची चूल एकाच लाकडावर पेटते त्याने ते लाकूड जळत असतानाच दुसरं शोधावं, हाही धडा.

क्लिंटनची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मार्क रेम्बर्ट आणि टेलर स्टकर्ट हे त्याच गावात वाढलेले दोन तरुण. पीस कोअरमार्फत परदेशात सेवा करण्याची त्यांची वाट होती, ती त्या वर्षी गावाकडे वळली. त्यांनी ‘एनर्जाइज क्लिंटन काउंटी’ नावाची चळवळ सुरू केली. त्यांचा भर असलेल्या गोष्टींवर होता: गावच्या लहान धंद्यांकडून आधी खरेदी करा, आणि कॉलेजातून सुटीला आलेल्या मुलांना उन्हाळाभर गावच्याच धंद्यांत कामाला लावा. मुलांना कळतं की आपल्या गावात असंही काही आहे, आणि धंदेवाल्याला कळतं की मुलं कामाची आहेत. पुढे हे दोघे गावच्याच संस्थांचं काम बघू लागले, एक व्यापारी मंडळाचं, दुसरा नियोजन समितीचं. धावपट्टी २०१० मध्ये गावच्या प्राधिकरणाकडे आली, काही वर्षांनी ॲमेझॉनची मालवाहू विमानंही तिथे उतरली. पण यावेळी गावाने सगळी अंडी त्या एका टोपलीत ठेवायची नाहीत हे शिकून घेतलं होतं.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेत १९८८ पासून कायदा आहे की शंभर किंवा अधिक कामगारांच्या मालकाने कारखाना बंद करण्याआधी साठ दिवसांची सूचना द्यावी. आपल्याकडे १९७६ पासून मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. तिकडे दार उघडं, इकडे दाराला कुलूप. तरी जाणारा दोन्हीकडून जातोच. तिकडे दारातून, इकडे आतल्या आत खंगून. आणि परवानगी मागितली नाही म्हणून गिरणी कागदावर जिवंत राहते नि कामगाराचा पैसा कोर्टात. कायदा शेवटच्या क्षणी येतो. विचारपूस आधी व्हायची असते.

मोजणी आपल्याकडे भरपूर आहे. १९७७ पासून आर्थिक गणना होते, १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं आहेत, कारखान्यांची वार्षिक पाहणी आहे. पण गणना म्हणजे विचारपूस नव्हे. किती माणसं हे विचारणं वेगळं आणि कसे आहात हे विचारणं वेगळं. आजोळी गेल्यावर आजी आपल्याला मोजत नसे, विचारत असे.

आणि ही रीत आपल्या मातीला परकीही नाही. महेश्वरला विणकर आणून वसवले ते अहिल्यादेवींनी, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आणणं हे एक काम आणि टिकवणं हे दुसरं. १९७० च्या दशकात तिथले माग बंद पडत चालले होते, तेव्हा रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली, बायकांना विणकाम शिकवलं, नक्षी आणि बाजार यांची सांगड घातली. नवा धंदा बाहेरून न आणता असलेल्या मागाला काय कमी पडतंय ते पाहिलं. आज महेश्वरी साडी आपल्या लग्नकार्यात दिसते, ती त्या दोन्ही कामांमुळे.

तर मंडळी, आता आपल्या मंडळापुरतं बोलतो. ही सगळी अमेरिकी यंत्रणा बघितल्यावर मला राहून राहून वाटतं की तिचा अर्धा भाग आपल्याकडे शंभर वर्षं तयार आहे. त्याला आपण वर्गणी म्हणतो. गणपतीच्या आधी महिनाभर आपले कार्यकर्ते जोडीजोडीने, एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या हातात यादी, प्रत्येक दुकानात आणि कारखान्यात जातात. ओळख असते, चहा होतो, बोलणं होतं. स्मरणिकेची जाहिरातींची पानं उलटून बघा, ती गावातल्या धंद्यांची यादीच आहे. आणि जुन्या स्मरणिका काढून शेजारी ठेवल्या, तर कोण कोण गेलं तेही त्यातच सापडेल: छापखाने, खाणावळी, पुस्तकांची दुकानं, शिंपी, सायकलवाले, घरगुती मसाल्याचे उद्योग. एकेक जाहिरात एका वर्षी येते, पुढच्या वर्षी येत नाही, आणि आपण म्हणतो, यंदा त्यांनी दिली नाही. का दिली नाही, हे विचारायला परत कुणी जात नाही.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वर्षी पावती फाडून झाल्यावर चार प्रश्न विचारा. माणसं वाढली की घटली? जागेचा करार केव्हा संपतो? काय अडतंय? तुमच्यानंतर कोण? उत्तर पावतीच्या मागे लिहू नका, वेगळ्या वहीत लिहा, आणि ती वही दोघा-तिघा विश्वासू, निवृत्त माणसांकडेच असू द्या. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, महापालिकेत हयात घालवलेले आहेत. शंभरांपैकी नव्वद जण म्हणतील, बरं चाललंय. उरलेल्या दहांपैकी पाचांना आपण काही करू शकणार नाही. पण पाच जणांचं काम एका फोनने, एका अर्जाने, एका ओळखीने होईल. एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाचा चालू धंदा आणि एखाद्या हुशार, पण भांडवल नसलेल्या मुलाची किंवा मुलीची गाठ आपल्याच मांडवात पडेल.

फक्त एक पथ्य. विचारलं तर करायला हवं. सगळ्या काउंट्यांचा अनुभव एकच सांगतो: पाहणी करून अहवाल कपाटात गेला तर न विचारलेलं बरं. एकदा आशेने बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. तेव्हा शंभर ठिकाणी जाण्याची ताकद नसेल तर पंचवीस ठिकाणी जा, पण त्या पंचवीसांकडे महिन्याभरात परत जा.

गिरण्या गेल्या आणि झांक्या राहिल्या, ही या शहराची निष्ठा आहे, तिला माझा नमस्कार. पण आपल्या नातवंडांनी झांकीवरचं नाव वाचून “हे काय होतं?” असं विचारावं, यापेक्षा चालू दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून “हे आपल्या माहितीतले” असं म्हणावं, हे मला जास्त आवडेल.

 गणपती बाप्पा मोरया!